मेंदूत गाठ दिसली, पण ती नेमकी कसली? एमआरआयच्या प्रगत तपासण्या काय सांगतात आणि वसई-विरारच्या रुग्णांसाठी ते का महत्त्वाचं आहे

समजा, नालासोपाऱ्यात राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका माणसाला सकाळी कामावर निघताना अचानक फिट येते. आयुष्यात पहिल्यांदाच. घरचे रिक्षात घालून त्याला जवळच्या रुग्णालयात नेतात. आधी सीटी स्कॅन होतो, मग एमआरआय. संध्याकाळी हातात पडलेल्या रिपोर्टच्या शेवटी तीन शब्द असतात आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. ग्लायोमा? मेटास्टॅसिस? ट्युबरक्युलोमा?

रात्री घरातलं कुणीतरी हे तिन्ही शब्द मोबाइलवर शोधतं. पहिल्याचा अर्थ मेंदूच्याच पेशींतून वाढलेला ट्यूमर. दुसऱ्याचा अर्थ फुफ्फुस, स्तन किंवा शरीरात आणखी कुठे असलेल्या कॅन्सरची मेंदूपर्यंत पोहोचलेली गाठ. आणि तिसऱ्याचा अर्थ टीबीची गाठ, जी बऱ्याचदा निव्वळ गोळ्यांनी विरघळते.

एकाच फिल्मवरचा एकच पांढरा गोल, आणि त्याचे तीन अर्थ. एकात डोक्याची मोठी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, दुसऱ्यात आधी मूळ कॅन्सरचा शोध, तिसऱ्यात साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ टीबीची औषधं. यातलं खरं कोणतं हे ठरवण्यासाठी गेल्या दोन-तीन दशकांत एमआरआय आणि पेट स्कॅनच्या अनेक प्रगत पद्धती विकसित झाल्या आहेत. त्या काय करतात, कुठे फसतात आणि वसई-विरारसारख्या शहरातल्या रुग्णापर्यंत त्यातलं किती पोहोचतं, हे पाहूया.

'गाठ आहे' इतकं पुरेसं का नाही?

मेंदूतल्या गाठी पाहण्याची सोय झाली त्याला फार काळ लोटलेला नाही. जगातला पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला, आणि तो झाला मेंदूत ट्यूमर असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचा. ते यंत्र बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. बीटल्सच्या रेकॉर्डवर जिचं नाव असायचं, तीच ही कंपनी. हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. एमआरआयसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना ते २००३ मध्ये मिळालं.

त्या काळात 'गाठ आहे की नाही आणि कुठे आहे' एवढं कळणं हीच मोठी गोष्ट होती. आता प्रश्न पुढे सरकला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यातले कित्येक केवळ सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसतात यावरून नव्हे, तर गाठीच्या पेशींमधल्या जनुकीय बदलांवरून ठरतात.

प्रौढांमधल्या ग्लायोमाचंच उदाहरण घ्या. आयडीएच नावाच्या जनुकात बदल आहे की नाही, यावर पुढचं बरंचसं चित्र ठरतं. बदल नसेल आणि गाठ आक्रमक असेल तर ती ग्लायोब्लास्टोमा. उपचार घेऊनही अशा रुग्णांचं आयुष्य बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या आसपास मोजलं जातं. बदल असेल तर ती ॲस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि त्यातले अनेक रुग्ण दहा-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त जगतात. शस्त्रक्रिया झालेल्या, आयडीएच बदल असलेल्या ग्रेड २ च्या गाठींसाठी व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालं. म्हणजे प्रकार कळला तर औषधही बदलू शकतं.

आणि सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही इथेच सांगायला हवं. मेंदूवरच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा बहुतांश वेळा ग्रेड १ चा, संथ वाढणारा असतो. काही वेळा डॉक्टर त्याला हातही लावत नाहीत, दर वर्षी एक एमआरआय करून लक्ष ठेवतात.

साधा एमआरआय कुठे अडखळतो?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. शरीरातल्या पाण्याच्या रेणूंमधला हायड्रोजन, एक जबरदस्त चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या मदतीने प्रतिमा तयार होते. आपल्याकडे सर्रास असलेली १.५ टेस्लाची मशीन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काही हजार पटींनी नव्हे, तर सुमारे ३० हजार पटींनी शक्तिशाली असते. (म्हणूनच 'आत कोणतीही लोखंडी वस्तू नको' ही पाटी गंमत नसते. चुंबक मशीन वापरात नसतानाही चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या, रुग्णासोबत आलेल्या तरुणाचा जीव गेला होता.)

गाठ दिसण्यासाठी रुग्णाला गॅडोलिनियम असलेलं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की हे द्रव्य बाहेर झिरपत नाही. गाठीत ही भिंत फुटलेली असते, तिथे ते झिरपतं आणि फिल्मवर चमकतं. गाठीचा मधला भाग मेलेला किंवा पू झालेला असेल तर फक्त कडा चमकतात आणि अंगठीसारखा आकार दिसतो. रिपोर्टमध्ये 'रिंग एन्हान्सिंग लीजन' असं लिहिलेलं असतं ते हेच.

अडचण अशी की ही अंगठी ग्लायोब्लास्टोमात दिसते, दुसरीकडून आलेल्या कॅन्सरमध्ये दिसते, मेंदूत झालेल्या पुवाच्या गळवात दिसते, टीबीच्या गाठीत दिसते आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिसमध्येही दिसते. हा शेवटचा आजार डुकरात आढळणाऱ्या टेपवर्मच्या अंड्यांमुळे होतो, पण तो व्हायला डुकराचं मांस खावं लागत नाही. दूषित पाणी किंवा नीट न धुतलेली भाजी पुरते. शुद्ध शाकाहारी घरांतही तो सापडतो.

परदेशी पाठ्यपुस्तकांत या यादीत ट्यूमर वर असतात. भारतात तसं करून चालत नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. त्यामुळे मुंबई महानगरातल्या कोणत्याही रेडिऑलॉजिस्टला अंगठी दिसली की टीबीचा विचार करावाच लागतो.

चमक किती आहे यावरूनही गाठ किती वाईट ते ठरत नाही. मुलांमध्ये आढळणारा पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड १ चा असूनही लख्ख चमकतो, तर काही आक्रमक गाठी सुरुवातीला अजिबात चमकत नाहीत. 'रिपोर्टमध्ये एन्हान्समेंट लिहिलंय म्हणजे कॅन्सरच' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे.

मग प्रगत तपासण्या वेगळं काय पाहतात?

त्या गाठीचा आकार नव्हे, तर तिची वागणूक पाहतात. बहुतेक वेळा मशीन तेच असतं, फक्त त्याला वेगळे प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न पाण्याच्या हालचालीचा. याला डिफ्युजन म्हणतात आणि तो आता जवळपास प्रत्येक सेंटरमध्ये नेहमीच्या एमआरआयचाच भाग असतो. गळवातला पू घट्ट असतो, त्यात पाण्याचे रेणू अडकून पडतात, त्यामुळे अंगठीचा मधला भाग डिफ्युजनच्या प्रतिमेत उजळ दिसतो. ग्लायोब्लास्टोमाच्या मधल्या मेलेल्या भागात पाणी मोकळं फिरतं, तो भाग बहुधा गडद राहतो. काही मिनिटांच्या या तपासणीने 'पू काढायचा की ट्यूमर' हा निर्णय बदलू शकतो.

दुसरा प्रश्न रक्तपुरवठ्याचा. परफ्युजन एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट वेगाने सोडून, ते मेंदूतून जात असताना दर एक-दोन सेकंदांनी प्रतिमा घेतल्या जातात. त्यावरून कुठल्या भागात किती रक्त खेळतंय याचा नकाशा मिळतो. ग्लायोब्लास्टोमा स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं विणतो, त्यामुळे तो या नकाशावर पेटलेला दिसतो. टीबीच्या गाठीत रक्त तुलनेने कमी असतं.

यातला सर्वात उपयोगी भाग गाठीच्या बाहेरचा आहे. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या गाठीभोवती जी सूज असते ती मुख्यतः पाण्याची असते. ग्लायोब्लास्टोमाभोवतीच्या सुजेत मात्र गाठीच्या पेशी मुळांसारख्या पसरलेल्या असतात. म्हणून डॉक्टर अंगठीपेक्षा अंगठीच्या भोवतालचा भाग पाहतात. तिथेही रक्तपुरवठा वाढलेला असेल तर गाठ मेंदूतलीच असण्याकडे कल झुकतो. नसेल तर रुग्णाच्या छातीचा आणि पोटाचा स्कॅन आधी करावा, असा विचार होतो. मोठ्या माणसांत दुसरीकडून आलेल्या गाठी मेंदूतल्या मूळ कॅन्सरपेक्षा जास्त आढळतात, हे लक्षात घेतलं तर हा फरक किती मोलाचा आहे ते कळेल.

तिसरा प्रश्न रसायनांचा. स्पेक्ट्रोस्कोपी नावाच्या तपासणीत प्रतिमेऐवजी एक आलेख मिळतो. निरोगी चेतापेशींमध्ये एनएए नावाचं रसायन भरपूर असतं. पेशी झपाट्याने वाढत असतील तर कोलीन वाढतं. ट्यूमरमध्ये साधारणपणे कोलीन वर आणि एनएए खाली जातं. टीबीच्या गाठीत स्निग्ध पदार्थांचा, म्हणजे लिपिडचा मोठा उंचवटा दिसतो, कारण टीबीचा जंतू आणि त्याने कुजवलेला भाग दोन्ही स्निग्ध पदार्थांनी भरलेले असतात. आयडीएच बदल असलेल्या ग्लायोमात २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं एक वेगळंच रसायन साठतं. ते आलेखावर पकडता आलं, तर कवटी न उघडता जनुकाची खबर मिळते. मात्र त्यासाठी खास तंत्र, चांगली मशीन आणि अनुभवी माणूस लागतो. हे रोजच्या कामात सगळीकडे होत नाही.

फुकटात मिळणारी एक खूण

प्रगत म्हणजे महागच, असं नेहमी नसतं. २०१७ मध्ये संशोधकांनी एका खुणेकडे लक्ष वेधलं. प्रत्येक एमआरआयमध्ये टी२ आणि फ्लेअर असे दोन प्रकारचे फोटो घेतले जातातच. काही गाठी टी२ मध्ये एकसारख्या पांढऱ्या दिसतात, पण फ्लेअरमध्ये कडा सोडून बाकीचा भाग काळसर होतो. या विसंगतीला 'टी२-फ्लेअर मिसमॅच' म्हणतात. प्रौढ रुग्णाच्या ग्लायोमात ती नीट दिसली, तर गाठ आयडीएच बदल असलेला ॲस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता खूपच जास्त असते.

यासाठी वेगळं इंजेक्शन नको, वेगळं सॉफ्टवेअर नको. वसईतल्या साध्या १.५ टेस्ला मशीनवर काढलेल्या फिल्ममध्येही ती दिसू शकते. फक्त पाहणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत हवं. दोन मर्यादा आहेत. ही खूण दिसली नाही म्हणजे ॲस्ट्रोसायटोमा नाही असं म्हणता येत नाही, आणि मुलांमधल्या काही वेगळ्या गाठीही तशीच फसवी खूण दाखवतात.

मुंबईतल्या अभ्यासात काय दिसलं?

या क्षेत्रातलं एक महत्त्वाचं काम वसईपासून लोकलच्या अंतरावर झालं आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि खारघरचं त्याचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक इथल्या डॉक्टरांनी मेड्युलोब्लास्टोमा या मुलांमध्ये आढळणाऱ्या लहान मेंदूच्या कॅन्सरवर अभ्यास केला. तो 'न्यूरो-ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्च्य दासगुप्ता आणि तेजपाल गुप्ता हे त्यातले प्रमुख संशोधक.

मेड्युलोब्लास्टोमाचे जनुकीय पातळीवर चार मुख्य गट आहेत. डब्ल्यूएनटी गटातली मुलं उपचारांनी बहुतांशी बरी होतात, तर ग्रुप ३ मधल्या मुलांची परिस्थिती सर्वात कठीण असते. हे गट ठरवायला गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी लागते आणि ती प्रत्येक शहरात होत नाही. मग शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयवरूनच गट ओळखता येईल का, हा प्रश्न होता. संशोधकांनी १११ रुग्णांचे स्कॅन तपासले. गाठ लहान मेंदूच्या मधोमध आहे की बाजूला, कडा कशा आहेत, ती किती चमकते, भोवती सूज किती आहे, अशा वैशिष्ट्यांवरून त्यांनी अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली.

उत्तर संमिश्र आलं, आणि म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतं. एसएचएच नावाचा गट स्कॅनवरून फारच चांगला ओळखता आला. ग्रुप ४ बऱ्यापैकी. डब्ल्यूएनटी आणि ग्रुप ३ मात्र नीट पकडता आले नाहीत. म्हणजे ज्या दोन गटांमध्ये फरक करणं पालकांसाठी सर्वात महत्त्वाचं, तिथेच स्कॅन कमी पडला.

पेट स्कॅनच्या बाबतीतही मुंबईचा इतिहास जुना आहे. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. पेट स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी औषध अशा यंत्रात बनतं. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज वापरतात, पण मेंदू स्वतःच ग्लुकोजवर चालतो. सगळा मेंदूच उजळून निघतो आणि त्यात गाठ हरवते. म्हणून मेंदूसाठी अमिनो आम्लांवर आधारित औषधं वापरली जातात. त्यांपैकी कार्बन-११ वापरून बनवलेलं मेथिओनिन दर २० मिनिटांनी निम्मं होतं. ते परळमध्ये बनवून विरारला पाठवायचं म्हटलं, तर बोरिवली येण्याआधीच बरंचसं संपलेलं असेल. फ्लोरिन-१८ ची औषधं ११० मिनिटांत निम्मी होतात, ती थोडा प्रवास झेपवू शकतात. अशा तपासण्या मोठ्या केंद्रांभोवतीच का राहतात, त्याचं हे एक साधं भौतिक कारण आहे.

वसई-विरारमध्ये प्रत्यक्षात काय घडतं?

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर नालासोपारा, विरारमध्ये उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या की आजचा आकडा किती पुढे गेला असेल याचा अंदाज येतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला वसई-विरार हेच मोठं शहर, आणि वसई-विरारच्या माणसाला मेंदूच्या गाठीसाठी गाठायचं ते मुंबई.

शहरात सीटी आणि एमआरआयची सेंटर्स आहेत, प्रामुख्याने खासगी. म्हणजे पहिला स्कॅन बहुतेकांचा इथेच होतो. अडचण सुरू होते ती चिठ्ठीपासून. पाठवणाऱ्या डॉक्टरने 'एमआरआय ब्रेन' एवढंच लिहिलेलं असेल तर तेवढाच होतो. परफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी वेगळ्या सांगाव्या लागतात, त्यांना वेळ जास्त लागतो, पैसेही जास्त. बाहेर दहा रुग्ण बसलेले असताना टेक्निशियन स्वतःहून ते वाढवत नाही. रिपोर्ट कधी कधी दुसऱ्या शहरात बसलेला रेडिऑलॉजिस्ट इंटरनेटवरून वाचतो. त्याच्यासमोर रुग्ण नसतो, आणि चिठ्ठीवर 'फिट आली' यापलीकडे माहितीही नसते. अशा वेळी तीन प्रश्नचिन्हांचा रिपोर्ट लिहिणं हा प्रामाणिकपणाच म्हणावा लागेल.

मग हा रुग्ण फाइल घेऊन विरार लोकल पकडतो, दादर किंवा प्रभादेवीला उतरतो आणि परळला पोहोचतो. तिथे पुष्कळदा एमआरआय पुन्हा करावा लागतो. कारण पहिला अपुरा असतो, किंवा रुग्णाकडे फक्त फिल्म असते. कधी तर तीही नसते, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला मोबाइलचा फोटो असतो.

हे समजून घ्यायला हवं. एका एमआरआयमध्ये शेकडो प्रतिमा असतात. फिल्मवर त्यातल्या निवडक छापलेल्या असतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत त्याही धूसर होतात. डिफ्युजनचं मोजमाप किंवा परफ्युजनचा नकाशा त्यावरून काढता येत नाही. त्यासाठी मूळ डिजिटल फाइल्स लागतात, ज्यांना डायकॉम म्हणतात. सेंटरकडे मागितल्यास त्या सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर मिळतात. रुग्णाच्या नातेवाइकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची. ती दुसऱ्या डॉक्टरला दूर बसूनही पूर्ण पाहता येते. देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांना जोडणारं, २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने सुरू झालेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड अवघड रुग्णांवर ऑनलाइन चर्चा घडवून आणतं. त्या चर्चेलाही शेवटी प्रतिमाच लागतात.

खर्चाचा प्रश्न वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. पण योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. निदान होण्याआधी, दाखल न होता केलेल्या एमआरआयचे काही हजार रुपये बहुतेक वेळा रुग्णाच्याच खिशातून जातात. शस्त्रक्रियेचा खर्च सरकार देणार, पण ती लागणार आहे की नाही हे शोधायचा खर्च तुमचा, अशी ही विचित्र स्थिती.

स्टेरॉइडची घाई का महागात पडू शकते?

इथे एका प्रकाराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यात चूक होणं सोपं आहे. मेंदूतला लिम्फोमा. हा रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर, पण तो मुख्यतः मेंदूत वाढतो. त्यावर गाठ पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार नसतो. छोटा तुकडा काढून तपासायचा आणि मग मेथोट्रेक्सेटसारखी केमोथेरपी, असा मार्ग असतो.

मेंदूत गाठ आणि सूज दिसली की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लगेच सुरू करण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक रुग्णांत ती योग्यच असते. सूज उतरते, डोकेदुखी थांबते. लिम्फोमात मात्र स्टेरॉइडने गाठीच्या पेशीच मरतात. काही दिवसांत गाठ लहान होते, कधी दिसेनाशीच होते. घरच्यांना वाटतं पेढे वाटावेत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती परत येते. दरम्यान बायोप्सी केलीच तर तुकड्यात निदान होण्याइतक्या पेशी सापडत नाहीत.

स्कॅनवर लिम्फोमाची काही लक्षणं असतात. पेशी दाटीवाटीने भरलेल्या असल्याने डिफ्युजनमध्ये तो उजळ दिसतो, कॉन्ट्रास्टने एकसंध चमकतो, पण परफ्युजनमध्ये ग्लायोब्लास्टोमाइतका रक्तपुरवठा दिसत नाही. ही तिन्ही माहिती पहिल्याच स्कॅनमध्ये मिळाली, तर रुग्ण स्थिर असल्यास डॉक्टर बायोप्सीपर्यंत स्टेरॉइड थांबवू शकतात. जीव धोक्यात असेल तर मात्र ते द्यावंच लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा. चालू असलेलं स्टेरॉइड हे वाचून स्वतःहून बंद करणं धोकादायक आहे.

उपचारानंतरही तोच प्रश्न परत येतो

गाठ काढली, रेडिएशन झालं, टेमोझोलोमाइडच्या गोळ्या सुरू आहेत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो आणि त्यात गाठ वाढलेली दिसते. घरात सुतकी शांतता पसरते.

पण काही रुग्णांत ही वाढ खोटी असते. उपचारांमुळे झालेली इजा आणि दाह स्कॅनवर हुबेहूब ट्यूमरसारखा चमकतो. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. रेडिएशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ऊती मेल्यामुळेही असंच चित्र दिसतं. वाढ खरी समजून उपचार बदलले तर लागू पडत असलेलं औषध बंद होतं. खोटी समजून थांबलं तर वेळ जातो. इथे परफ्युजन आणि अमिनो आम्लांचा पेट स्कॅन सर्वात जास्त कामी येतात, कारण मेलेल्या भागात ना रक्त खेळतं ना अमिनो आम्लं शोषली जातात. तरीही उत्तर काही वेळा 'सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघू' हेच असतं. त्यासाठी आधीचे सगळे स्कॅन जपून ठेवलेले असणं गरजेचं आहे. शक्यतो प्रत्येक वेळी त्याच सेंटरमध्ये, त्याच पद्धतीने स्कॅन केल्यास तुलना सोपी जाते.

बायोप्सी टळेल का? आणि एआयचं काय?

बहुतेक रुग्णांसाठी, नाही. टीबीच्या गाठीतही कोलीन वाढू शकतं. कवटीच्या हाडाजवळच्या किंवा रक्तस्राव झालेल्या गाठीत स्पेक्ट्रोस्कोपीचा आलेख बिघडतो. रुग्ण हलला तर सगळंच बिघडतं. म्हणून अंतिम निदान आजही गाठीच्या तुकड्यावरूनच होतं. स्कॅनचा फायदा असा की तुकडा कुठून घ्यायचा ते कळतं. एकाच गाठीत सौम्य आणि आक्रमक भाग शेजारीशेजारी असतात. सुई सौम्य भागात गेली तर रिपोर्टही सौम्य येतो. परफ्युजनच्या नकाशावर पेटलेला भाग पाहून सुई टाकली तर ही चूक टळू शकते.

अपवादही आहेत. मुलांच्या मेंदूच्या देठात पसरणाऱ्या एका ग्लायोमाचं निदान तर कित्येक दशकं बायोप्सीशिवाय, फक्त एमआरआयवर होत आलं, कारण तिथे सुई टाकणं फार जोखमीचं मानलं जाई.

एआयबद्दल सध्या बरेच दावे ऐकू येतात. मेंदूच्या गाठींच्या सीमा संगणकाने आखण्याची 'ब्रॅट्स' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून सुरू आहे आणि त्यात प्रगतीही मोठी झाली आहे. आयडीएच बदल ओळखणारे प्रोग्रॅमही लिहिले गेले आहेत. पण अशा प्रोग्रॅमना शिकवण्यासाठी वापरलेले स्कॅन प्रामुख्याने अमेरिका-युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांतले आहेत. ज्याने ट्युबरक्युलोमा क्वचितच पाहिला आहे, तो प्रोग्रॅम विरारच्या रुग्णाच्या अंगठीला ट्यूमर म्हणण्याची शक्यता जास्त. टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबईसह काही संस्थांबरोबर कॅन्सरच्या प्रतिमांची भारतीय बँक उभारायला घेतली आहे. तिचा सुरुवातीचा भर डोकं-मान आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आहे. 'डोकं-मान' म्हणजे तोंड, घसा वगैरे, मेंदू नव्हे.

डोकं दुखलं की एमआरआय करायचा का?

नाही. डोकेदुखी असलेल्या बहुसंख्य लोकांना ट्यूमर नसतो. मात्र मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, दिवसेंदिवस वाढत जाणारी आणि सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, बोलताना शब्द न सापडणं, नजर किंवा स्वभाव बदलणं, यातलं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये.

एमआरआयला जाताना रुग्णाला पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला आहे का, कुठल्या कॅन्सरचे उपचार झाले आहेत का, ताप होता का, स्टेरॉइड सुरू आहे का, हे टेक्निशियनला आणि रेडिऑलॉजिस्टला सांगावं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर तेही आधीच. डॉक्टरांना विचारावं की परफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी याच वेळी करून घ्यायची का, म्हणजे तीन दिवसांनी परळला जाऊन पुन्हा तेच यंत्र, तेच इंजेक्शन आणि तेच पैसे लागणार नाहीत. आणि निघताना काउंटरवरून सीडी मागून घ्यावी. ती उघडते की नाही, तेही तिथेच तपासून पाहावं.